टाळी कुणासाठी?

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी उरूस भरायचा. संदल निघायचा, रात्रभर कव्वाली चालायची, खजूर आणि हलवा-पराठ्याची दुकाने लागायची. पण आम्हा मुलांचे सारे लक्ष मैदानाच्या टोकाला असलेल्या ‘मौत का कुवा’कडे असे. उभ्या लाकडी फळ्यांचा दोन मजली घराएवढा उंच गोल, बाहेरून लोखंडी जिना आणि वर कठडा. तिकीट काढून वर चढायचे, कठड्याला पोट टेकवून खाली वाकायचे. मोटारसायकलवाला तळाशी उतरत्या फळ्यांवर दोन-चार फेऱ्या मारून वेग घ्यायचा आणि बघता बघता उभ्या भिंतीवर चढायचा. कठड्याजवळ आला की दोन्ही हात सोडायचा आणि कुणी पुढे केलेली नोट बोटांत पकडून पुन्हा खाली जायचा. आमच्या पायांखालच्या फळ्या थरथरायच्या. आम्ही टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायचो.

आमचे अब्बा शाळामास्तर होते. परतताना त्यांनी आम्हाला समजावले की यात जादू काही नाही. गोलात वेगाने फिरणारे चाक भिंतीवर दाबले जाते, भिंत त्याला आत ढकलते, आणि टायर व लाकूड यांच्यातले घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. वेग आहे तोवर भिंत त्याला धरून ठेवते. वेग कमी झाला की धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला त्याच वाटेने गेलो, तर तोच मोटारसायकलवाला मळक्या बनियनवर, हातात पाना घेऊन एकेक फळी ठोकून बघत होता, एकेक नट आवळत होता. अब्बा थांबले आणि म्हणाले, “रात्री टाळ्या वाजवल्यास ना? खरी टाळी इथे वाजवायची असते.” तेव्हा ते आम्हाला फारसे कळले नव्हते.

आता उरसाची वाट बघावी लागत नाही. मौतचा कुवा प्रत्येकाच्या खिशात आहे. अंगठा वर सरकवला की कुणी उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवर चालतो आहे, कुणी चालत्या गाडीच्या दारात एका हाताने लोंबकळतो आहे, कुणी घाटातल्या वळणावर मोटारसायकलचे पुढचे चाक उचलतो आहे. मधेच एखादा सीसीटीव्हीचा तुकडा येतो. ट्रक अंगावरून जाता जाता राहिलेला सायकलवाला, फलाट आणि गाडी यांच्या फटीत जाता जाता पोलिसाने ओढून घेतलेली बाई. सगळे एकाच माळेत, एकाच्या मागे एक. आपण बघतो, ‘बाप रे’ म्हणतो, अंगठ्याचे चित्र दाबतो आणि पुढे सरकतो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर आपल्याकडे बंदी आली. त्याला काही दिवस होतात तोच इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या. माळ तुटली नाही, फक्त दोरा बदलला.

हे सगळे आम्ही आजवर दुरून बघत होतो. मग गेल्या हिवाळ्यातला एक रविवार उजाडला.

आमच्या आपाचे सासर कोकणात, खाडीकाठी. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, कॉलेजात शिकतो. पोहण्यात पटाईत, मनाने सरळ, आजीचा लाडका. त्या रविवारी दुपारी बाराच्या सुमारास त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गावाजवळच्या बंद पडलेल्या जुन्या पुलाच्या कठड्यावर तो उभा आहे, मागे वळून हसतो, हवेत एक कोलांटी घेतो आणि खाली खाडीत पडतो. पाणी उसळते. क्षणभर काही दिसत नाही, मग डोके वर येते आणि मूठ उंचावते. सारा मामला चौदा सेकंदांचा.

ग्रुपवर वीस-बावीस माणसे. अंगठे आले, फुले आली, ‘माशाअल्लाह’ आले. दुबईच्या चुलत भावाने तीन वेळा टाळ्यांचे चित्र पाठवले. आमच्या अम्मीने, म्हणजे त्याच्या नानीने, नेहमीप्रमाणे आवाजी निरोप टाकला, “पाण्यात खडक नाहीत ना रे बाबा?” त्या निरोपावर कुणी उत्तर दिले नाही. तो फुलांखाली दबून वर सरकला. आणि आम्ही काय लिहिले? आम्ही लिहिले, “एकदम हिरो! चेहरा नीट दिसला असता तर आणखी मजा आली असती.” एवढ्यावर न थांबता तो व्हिडिओ आम्ही आणखी दोन ग्रुपवर पुढे पाठवला. खाली अभिमानाने लिहिले, ‘आमचा भाचा’.

असरच्या नमाजनंतर आपाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते.

झाले होते ते असे. त्या उडीत चेहरा दिसला नव्हता, म्हणून पोरांनी ठरवले की पुन्हा करू. दुसऱ्या उडीच्या वेळी मित्राच्या बोटाने मोबाइलचा अर्धा पडदा झाकला. मग सगळे टपरीवर चहाला गेले, वडापाव खाल्ला, सूर्य जरा कलू दिला म्हणजे उजेड चेहऱ्यावर येईल. तीनच्या पुढे तिसरी उडी. या दरम्यान खाडीने काय केले होते ते कुणी पाहिले नाही. पौर्णिमेनंतरचा दिवस, उधाणाची भरती. सकाळी अकराच्या पुढे पाणी पुलाखाली काठोकाठ होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात, आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्याने उतरते. तीन-साडेतीन तासांत छातीएवढे पाणी समुद्राकडे निघून गेले होते. वरून बघताना पाणी पाण्यासारखेच दिसते. तीस-बत्तीस फुटांवरून उडी मारणारा माणूस पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. सकाळी त्या वेगाला थांबवायला पुरेसे पाणी होते. दुपारी खाली चिखल होता आणि चिखलात जुन्या बांधकामाचे दगड.

खांदा आधी आपटला. हसळीचे हाड मोडले, नाकातोंडात चिखल गेला. पुलावर दोघे मित्र. ज्याच्या हातात मोबाइल होता त्याला कळेना, आधी मोबाइल ठेवावा की आधी हाक मारावी. खाडीत जाळे ओढणारे एक म्हातारे चाचा होडी घेऊन आले आणि त्यांनी पोराला केसांना धरून वर काढले. डॉक्टरांनी मानेचे एक्सरे काढले. मान शाबूत होती. “खांद्याऐवजी डोके आधी लागले असते तर हा मुलगा पुन्हा उभा राहिला नसता,” एवढेच ते म्हणाले.

आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो. मनात भाषण तयार होते. जीव म्हणजे अल्लाहची अमानत, आईबापाचा विचार केलास का, वगैरे. खाटेशी बसून सुरुवातही केली. पोराने ऐकून घेतले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मामू, तुम्हीच लिहिलं होतंत ना, चेहरा दिसला पाहिजे म्हणून?”

त्यात आरोप नव्हता. त्याला खरोखरच वाटत होते की मामूला जे हवे ते आपण देऊ शकलो नाही. आमचे भाषण तिथेच संपले.

त्या रात्री झोप आली नाही. आम्ही मोबाइलमध्ये साठवलेले असले सगळे व्हिडिओ एकेक करून पुन्हा पाहिले. स्वतःला एकच प्रश्न विचारला की ज्यांना आपण टाळी दिली, त्यांच्यापैकी कुणाची टाळी खरी होती? वाचकहो, त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला व्हिडिओ पॅरिसचा, २६ मे २०१८ च्या संध्याकाळचा. ते दिवस रमजानचे होते. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीबाहेर चार वर्षांचे मूल लोंबकळते आहे. खाली माणसे ओरडत आहेत, मोटारींचे भोंगे वाजत आहेत. गर्दीतून एक सडपातळ तरुण पुढे येतो आणि कठड्याला धरून पहिल्या बाल्कनीवर चढतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो चौथ्या मजल्यावर असतो आणि मुलाला एका हाताने आत ओढून घेतो. हा मामुदू गस्सामा, आफ्रिकेतल्या माली देशाचा, वय २२. लिबियामार्गे समुद्र ओलांडून इटलीत आणि तिथून काही महिन्यांपूर्वीच फ्रान्समध्ये आलेला. राहण्याची कागदपत्रे नव्हती. अशा माणसाने पोलिसांच्या नजरेत यायचे नसते, आणि हा तर साऱ्या रस्त्यासमोर भिंतीवर चढला. तो त्या भागात फुटबॉलचा सामना बघायला आला होता. नंतर त्याने सांगितले की चढताना विचार केलाच नाही, घरात मुलाला ठेवल्यावर मात्र अंग थरथरू लागले. दोन दिवसांनी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला बोलावले, नागरिकत्व देऊ केले, आणि पॅरिसच्या अग्निशमन दलात त्याला काम मिळाले.

या घटनेची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलाला घरी एकटे टाकून बाप खरेदीला गेला होता आणि परतायला त्याला उशीर झाला, कारण तो मोबाइलवर एक खेळ खेळत रेंगाळला. हे तिथल्या सरकारी वकिलांनीच सांगितले. एका मोबाइलमुळे मूल बाल्कनीबाहेर गेले आणि दुसऱ्या मोबाइलने त्याची सुटका जगाला दाखवली. वस्तू एकच, हात वेगळे.

दुसरा व्हिडिओ आपल्याच मुलखातला. बदलापूरच्या पुढे, नेरळच्या अलीकडे वांगणी स्टेशन आहे. तिथे बरीच अंध कुटुंबे राहतात, कितीतरी जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. १७ एप्रिल २०२१ ची संध्याकाळ. टाळेबंदीसारखे दिवस, फलाट रिकामा. एक अंध आई लहान मुलाचा हात धरून चालली आहे. मूल कडेकडेने चालता चालता रुळांवर पडते. आईला कळते की मूल पडले, पण कुठे ते कळत नाही. ती चाचपडत फलाटाच्या कडेशी हात फिरवते. समोरून उद्यान एक्सप्रेस येते आहे आणि ती इथे थांबणारी गाडी नाही. तेवढ्यात रुळांमधून एक माणूस गाडीच्या दिशेने धावत येतो. पॉइंट्समन मयूर शेळके. मुलाला उचलून फलाटावर ठेवतो, स्वतः वर झेप घेतो, आणि लगेच गाडी पडद्यावरून निघून जाते.

ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर, म्हणजे डब्याहून जास्त अंतर कापते. ड्रायव्हरने ब्रेक लावला तरी ती काहीशे मीटर पुढे जाऊनच थांबते. हे रेल्वेतल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. शेळके यांनी नंतर प्रांजळपणे सांगितले की धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात येऊन गेला, तरी वाटले की मुलाला वाचवलेच पाहिजे. रेल्वेने त्यांना पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यातली निम्मी रक्कम त्या मायलेकरांना देण्याचे त्यांनी जाहीर केले.

हे दोन व्हिडिओ पाठोपाठ बघितले आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोघांपैकी कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. वांगणीचा कॅमेरा खांबावर टांगलेला, पॅरिसचा कुणा रस्त्यावरच्या माणसाच्या हातातला. कॅमेरा नसता तरी दोघांनी तेच केले असते. आपल्याकडे नियत आणि दिखावा यांतला फरक मदरशात पहिल्या वर्षी शिकवतात. कुरआनात एक जीव वाचवण्याची थोरवी केवढी सांगितली आहे, हेही घराघरांत ठाऊक असते. तो फरक उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल तर हे दोन व्हिडिओ मुलांना शेजारी बसवून दाखवावेत.

आता कुणी म्हणेल, मग ठरवून, कॅमेऱ्यासमोर केलेले प्रत्येक धाडस वाईटच का? आम्हाला तसे वाटत नाही. मौतच्या कुव्यातल्या माणसाची ती रोजी होती, आणि सकाळचा पानाही त्याच्याच हातात होता.

अमेरिकेत योसेमिटी नावाच्या दरीत एल कॅपिटन हा सुमारे नऊशे मीटर उंच सरळ कडा आहे. ३ जून २०१७ रोजी अ‍ॅलेक्स होनॉल्ड हा गिर्यारोहक त्यावर दोराशिवाय, एकटा, तीन तास छप्पन्न मिनिटांत चढून गेला. त्यावरच्या ‘फ्री सोलो’ या माहितीपटाला २०१९ साली ऑस्कर मिळाले. मोबाइलवर फिरतो तो त्यातला मिनिटभराचा तुकडा. माणूस बोटांवर लटकलेला आणि खाली दरी. तो तुकडा बघून वाटते, वेडा आहे. पूर्ण चित्रपट बघितला तर उलगडते की त्याआधी वर्षभराहून अधिक काळ तो दोर बांधून हाच कडा चढत होता, अवघड जागी हात कुठे, पाय कुठे हे वहीत लिहून पाठ करत होता. आणि २०१६ च्या शेवटी तो दोराशिवाय चढायला निघाला, सगळी चित्रीकरणाची माणसे जागेवर उभी होती, तेव्हा थोडे चढल्यावर त्याला बरोबर वाटेना. तो परत फिरला. इतके कॅमेरे रोखलेले असताना परत फिरला! आमच्या मते चित्रपटातली सर्वांत धाडसाची जागा तीच. चित्रीकरण करणाऱ्यांनाही एक प्रश्न छळत होता. आपल्या कॅमेऱ्यामुळे हा पडला तर? चढाईच्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला तर बघवेना, त्याने पुन:पुन्हा तोंड फिरवले. हातात कॅमेरा धरणाऱ्याची जबाबदारी काय असते, हे त्या फिरवलेल्या तोंडातून समजते. दुबईच्या आमच्या भावाला, पुलावरच्या त्या मित्रांना आणि आम्हाला ती समजली नव्हती.

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनरने फुग्यातून एकोणचाळीस किलोमीटर उंचीवर जाऊन खाली उडी घेतली. यूट्यूबवर एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक लोक ती थेट बघत होते. त्यालाही वर्षानुवर्षांची तयारी होती, आणि रेडिओवर त्याच्याशी बोलायला चौऱ्याऐंशी वर्षांचे जो किटिंजर बसले होते. त्यांनी १९६० मध्येच एकतीस किलोमीटरवरून उडी मारली होती. तरीही बाउमगार्टनर मध्येच गरगर फिरू लागला, तेव्हा बघणाऱ्यांचा श्वास अडकला. त्या दिवशी तो सुखरूप उतरला. २०२५ च्या जुलैमध्ये इटलीत पॅराग्लायडिंग करताना तो गेला. इतका तयारीचा माणूस, आणि उंचीही काही आकाशाएवढी नव्हती. तयारीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मग चहा-वडापावाच्या तयारीवर मारलेल्या उडीचे काय बोलावे?

आणखी एक हिशेब आपण मांडत नाही. आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा जमलेला व्हिडिओ. फसलेला कुणी टाकत नाही. आमच्या भाच्याच्या तीन उड्यांपैकी जगाने एकच पाहिली. २०२४ च्या जुलैत मुंबईतला एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. एक तरुण चालत्या लोकलचा दांडा धरून फलाटावर पाय घासत जातो आहे. रेल्वे सुरक्षा दल शोध घेत त्याच्या घरी पोहोचले तेव्हा काय दिसले? तो व्हिडिओ काही महिन्यांपूर्वीचा होता. मधल्या काळात तसलाच दुसरा प्रकार करताना त्या तरुणाचा एक हात आणि एक पाय गेला होता. मोबाइलवर तो दोन्ही पायांनी फलाट घासत होता आणि घरात खाटेवर पडून होता. मग रेल्वेने त्याचेच आवाहन लोकांसमोर आणले की माझ्यासारखे करू नका. त्याचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. तो कुणाच्याही मोहल्ल्यातला असू शकला असता. आमच्या घरातला असता असता राहिला.

सेल्फी काढताना झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. बातम्यांच्या आधारे त्यांनी ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातले जगभरातले २५९ मृत्यू मोजले. त्यांतले १५९ एकट्या भारतातले. कारणांत पहिला क्रमांक बुडण्याचा, मग गाड्यांचा, मग उंचावरून पडण्याचा. मरणाऱ्यांत मुलगे फार जास्त. आकडा वाचताना आम्हाला अम्मीचा तो निरोप ऐकू येत होता, ‘पाण्यात खडक नाहीत ना रे बाबा?’ वीस-बावीस शिकलेल्या माणसांत कामाचा प्रश्न तिनेच विचारला होता.

मोबाइलमधली ही माळ आपोआप लागत नाही. जो व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात, पुन्हा बघतात, पुढे पाठवतात, तो आणखी लोकांपुढे ठेवला जातो. म्हणजे नोट पुढे करून मोटारसायकलवाल्याला कठड्यापर्यंत बोलावणारा तो हात आता आपल्या अंगठ्यात आहे. उरसात निदान नोट देणाऱ्याला समोरचा माणूस दिसत तरी होता.

आमच्या घराने मग काही गोष्टी ठरवल्या. मोठ्या नाहीत, पण चार महिने टिकल्या आहेत. घरच्या ग्रुपवर कुणी धाडसाचा व्हिडिओ टाकला की आधी नानीचा प्रश्न विचारायचा, मग बाकी. कितव्यांदा केले, खाली काय होते, बरोबर कोण होते? उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा नाही, माशाअल्लाह नाही आणि पुढे पाठवणे तर नाहीच. ‘आणखी चांगले व्हायला हवे होते’ हे वाक्य घरात बंद. कुणी करता करता परत फिरला तर त्याला दुप्पट शाबासकी. आणि मुलांवर ओरडण्याआधी मोठ्यांनी आपल्या मोबाइलमध्ये काय काय साठवले आहे ते एकदा बघायचे. हे शेवटचे कलम खास आमच्यासाठी आहे.

एक गोष्ट राहिली. महिन्याभराने भाच्याचा हात गळ्यात अडकवलेला असतानाच त्याला घेऊन आम्ही त्या होडीवाल्या चाचांकडे गेलो. मिठाईचा पुडा बरोबर होता. चाचा अंगणात जाळे विणत बसले होते. आम्ही आभार मानू लागलो तर ते संकोचले. म्हणाले, “मी सकाळपासून बघत होतो पोरांना. दोनदा उडी मारली, दोनदा वर आला. तिसऱ्यांदा वर यायला उशीर झाला, म्हणून गेलो.” बस्स, एवढेच. सकाळपासून एकच माणूस नीट मोजत होता, आणि त्याचा व्हिडिओ कुणाकडेच नाही.

निघताना आमचा भाचा मोबाइल खिशातच ठेवून उभा होता. चाचांनीच हाक मारली, “अरे, एक फोटो काढ माझ्यासोबत. कुवेतला नातू आहे, त्याला पाठव. म्हणावं, हा बघ, हा जिवंत आहे.” पोराने डाव्या हाताने फोटो काढला. तो हलला आहे, चाचांचे अर्धे डोके कापले गेले आहे. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा चेहरा नीट दिसत नाही असे कुणीही लिहिले नाही. अम्मीने मात्र आवाजी निरोप टाकला. चाचांसाठी लांबलचक दुआ, आणि शेवटी, “जेवलास का रे बाबा?”

वाचकहो, तुमच्याही मोबाइलमध्ये आज एखादी उडी येऊन पडेल. अंगठा उचलण्याआधी क्षणभर खालचे पाणी बघा. अल्लाह सर्वांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.